यंत्राच्या पोटातला धवला

केतन घरतला घाईत असलेलं कुणी पाहिलं असेल तर मी माझं नाव बदलायला तयार आहे. गल्लीत कुत्रं आडवं झोपलं असेल तर हा गडी त्याला उठवत नाही, वळसा घालून जातो. समोरच्याच घरात राहते म्हणून मला हे सगळं बघावं लागतं. मी मूळची म्हसळ्याची. इथल्या शाळेत नोकरीला आले, निवृत्त झाले आणि राहिले ती राहिलेच. कोपरखारात मला अजून सगळे ‘बाई’ म्हणतात, आणि बाई म्हटल्यावर कुणालाही चार शब्द सुनावायचा आपल्याला हक्क आहे असं मी धरून चालते. केतनला तर रोज सुनावते. तो ऐकून घेतो, हसतो आणि त्याला करायचं तेच करतो.

चाळिशीला आलाय. लग्न केलं नाही. वडील बाबाजी मिठागरात राबले आणि तिथल्या उन्हातच लवकर गेले. केतन उरणकडच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर दुरुस्तीला होता. आई आजारी पडल्यावर त्यानं ती नोकरी सोडली. आता घरी बसून गावाचे दाखले, अर्ज, विजेची बिलं करून देतो. यार्डानं टाकून दिलेला एक लॅपटॉप त्याच्याकडे आहे. नवीन विंडोज त्याला झेपेना, म्हणून केतननं त्याच्यावर लिनक्स घातलंय. लिनक्स म्हणजे काय ते त्यानं मला कितीदा तरी समजावलं. फुकट मिळतं आणि जुन्या मशीनला हाकलून देत नाही, एवढं माझ्या डोक्यात राहिलं.

त्याची आई सोनूबाई ही आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी नसायचे, लग्न लावायची ती धवलारीण. मांडव उभा राहिल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला असतो. तो तिनं गायचा आणि बाकीच्या बायकांनी तिच्यामागून ओळ उचलायची. सोनूबाई शाळेची पायरी चढलेली नाही. पण मांडवात बसली की सरपंचाचंसुद्धा तिच्यापुढे काही चालायचं नाही. नवरदेव चुकीच्या बाजूला बसला म्हणून तिनं भर मांडवात त्याला कान धरून उठवलेलं मी पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. अलिबागला नेलं, जीव वाचला, काठी धरून चार पावलं टाकण्याइतकी ती सावरलीही. शब्द मात्र गेले. तिला सगळं कळतं, डोळे तसेच तिखट आहेत, पण तोंडातून ‘हं’ सोडून काही येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही हळूहळू, नाहीही येणार. केतन तिला आंघोळ घालतो, पेज भरवतो, वेणी घालतो. वेणी इतकी वाकडी घालतो की मला जाऊन ती सोडावी लागते. तिला डाव्या हातानं धरता यावा म्हणून त्यानं चमच्याच्या दांडीला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आहे, आणि खाटेवरून गल्ली दिसावी म्हणून खाट दारासमोर आणून ठेवली आहे. असा मुलगा मला असता तर मीही कमी चिडचिडी झाले असते.

माघात मृणालचं लग्न ठरलं. मृणाल ही केतनच्या मोठ्या बहिणीची, कल्पिताची मुलगी. कल्पिता गावातच दिलेली आहे, गल्लीच्या टोकाला तिचं घर. लग्न लावायला पेणचे भटजी सांगितले होते, पण हळदीला धवला हवाच, आणि तोही आजीचा, असं मृणाल लहानपणापासून म्हणत आली होती. सोनूबाईलाही ते माहीत होतं. कल्पिता तिला सांगायला आली, “आय, तू नुसती मांडवान येऊन बस. गायचा न्हाय, कायच करायचा न्हाय.” सोनूबाईनं तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. मृणाल स्वतः आली, पायाशी बसून रडली. म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत भिंतीकडे वळली. अख्खं आयुष्य मांडवाची मालकीण म्हणून काढलेल्या बाईनं आता कोपऱ्यात खुर्ची टाकून पाहुण्यासारखं बसायचं, हे तिला सोसणारं नव्हतं. मला तिचं पटत होतं आणि पोरीची दयाही येत होती.

त्या दिवशी केतन माझ्या पडवीत येऊन बसला. मग म्हणाला, “बाई, आयचे धवले माझ्याकडं हायेत.”

मला आठवलं. यार्डात लागल्यावर त्यानं पहिल्यांदा एक जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि पनवेलहून गाणं रेकॉर्ड करायचा कसला तरी प्रोग्रॅम आणला होता. दुपारच्या दुपार मायलेक दार लावून बसायचे. सोनूबाई आधी तयार नव्हती. लग्नाशिवाय धवला म्हणत नाहीत. मग तिनं पाट मांडला, पाटावर तांदूळ आणि नवरीच्या जागी सुपारी ठेवली, दिवा लावला आणि मगच तोंड उघडलं. पुढे खाऱ्या हवेनं त्या कॉम्प्युटरचा बोर्ड सडवला. इथं दाराच्या कड्या टिकत नाहीत, तिथं ते नाजूक काम काय टिकणार. फक्त हार्डडिस्क वाचली.

“मग लाव की तुझ्या लॅपटॉपला,” मी म्हटलं.

“लावली. त्या प्रोग्रॅमनं गाणी त्याच्याच पद्धतीनं ठेवलीयत. दुसऱ्या कशातच ती उघडत न्हाईत. तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय चालत न्हाय, आन् जुनं विंडोज ह्या लॅपटॉपवर बसत न्हाय.”

“झालं तर मग.”

“न्हाय बाई. लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवता येतो. व्हर्च्युअल मशीन बोलतात. लिनक्सवर त्याचा मॅनेजर टाकायचा. तो आत एक जुना कॉम्प्युटर उभा करतो. जुन्या विंडोजला वाटतं, आपन आपल्याच मशीनवर हाव.”

“म्हणजे फसवायचं त्याला.”

“फसवायचं कशाला? त्याला सवयीचं वाटंल असं करायचं,” तो म्हणाला.

आईचा आवाज मांडवात लागला तर आई मांडवात येईल, एवढंच त्याचं गणित होतं. ती येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती, मला तर मुळीच नव्हती. पण मृणालच्या हळदीला आईनं भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, ही कल्पना त्याला सहन होत नव्हती. तो तसं म्हणालाही, आणि डोळे पुसले. केतन रडताना लाजत नाही, हा त्याचा मला आवडणारा गुण आहे.

मग सुरू झालं ते इन्स्टॉलेशन. आमच्या गल्लीत रेंज नावापुरती. चांगली रेंज मिळते ती खाडीच्या बांधावर, जिथं भरतीचं पाणी अडवायची उघाडी आहे तिथं. केतन लॅपटॉप आणि मोबाईल घेऊन उघाडीच्या कठड्यावर जाऊन बसायचा. तेवढा वेळ सोनूबाईजवळ मी. काळ्या खिडकीत तो पांढरी अक्षरं टंकायचा, सॉफ्टवेअर उतरत राहायचं, मध्येच तुटायचं, परत पहिल्यापासून. येणारे-जाणारे विचारायचे, मासा लागला का? तो म्हणायचा, “लागंल.”

सगळं उतरलं तर मशीन म्हणे, आतला कॉम्प्युटर उभा करायला प्रोसेसरची परवानगी नाही. ती लॅपटॉप सुरू होतानाच एका निळ्या पानावर जाऊन द्यावी लागते. दिली. मग मॅनेजर उघडेना. का, तर मॅनेजर वापरणाऱ्यांच्या गटात केतनचं नाव नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःलाच मज्जाव! “भावकीत नाव घातल्याशिवाय पंगतीला घेत न्हाईत, तसंच हाय,” असं म्हणून त्यानं गटात नाव घातलं, बाहेर पडून परत आत आला, आणि मॅनेजरनं निमूट दार उघडलं. मी असते तर लॅपटॉप खाडीत फेकला असता.

जुनी डिस्क त्यानं आधीच जशीच्या तशी एका मोठ्या फाईलीत उतरवून घेतली होती. ती आतल्या मशीनला जोडली आणि सुरू केलं, तर निळा पडदा, म्हणजे मशीन कोसळलं. पुन्हा केलं, पुन्हा निळा. दोन दिवस त्या निळ्यापुढे तो बसून राहिला. आईला पेज भरवतानाही त्याचं लक्ष त्या निळ्याकडेच. सोनूबाईनं शेवटी चमचा त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच खाल्लं. नंतर त्याच्या ध्यानात आलं की मॅनेजरनं डिस्क नव्या पद्धतीनं जोडली आहे. त्या बिचाऱ्या विंडोजच्या काळात तसलं जोडणंच नव्हतं, मग ते ओळखणार कुठून? त्यानं जोडणी जुन्या पद्धतीची केली, आणि लॅपटॉपच्या मधोमध एका चौकटीत जुन्या विंडोजचं ते हिरवं माळरान आणि निळं आभाळ उगवलं. केतननं लॅपटॉप उचलून खाटेपाशी नेला. “आय, बग. आपला जुना कॉम्प्युटर.” सोनूबाई ‘हं’ म्हणाली. तिला त्याचं काही कौतुक नव्हतं, पण मुलगा हसतोय म्हणून तीही हसली.

प्रोग्रॅम उघडला. धवले सगळे होते. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेषा उंचसखल धावायला लागल्या. आवाज मात्र नाही. कल्पिताकडे हळदीसाठी मोठा स्पीकर आला होता, त्याच्यातच काही ऐकू येतंय का बघू म्हणून केतननं तो आणून जोडला आणि बटण पार टोकापर्यंत फिरवलं. तरी शुकशुकाट. आईचा आवाज डोळ्यांना दिसतोय आणि कानाला नाही, हे बघून माझंच मन कसंसं झालं.

“साउंड कार्डपन जुन्या नमुन्याचं द्यायला पायजे,” तो स्वतःशीच म्हणाला. मॅनेजरमध्ये जाऊन त्यानं आतल्या मशीनचं साउंड कार्ड बदललं, मशीन परत सुरू केलं, धवला लावला. स्पीकरचं बटण तसंच टोकाला राहिलेलं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

भर दुपारी अख्ख्या कोपरखारात सोनूबाईचा आवाज घुमला. “मांडवाचे दारी गो, तांदूल निवडती बारा जनी...” खणखणीत, जरा नाकातला, आजारापूर्वीचा. माझ्या हातातलं भांडं पडलं. सोनूबाई खाटेवर ताठ उठून बसली.

पुढं जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. धवला ऐकू आला म्हणजे लग्न, याच्यापलीकडे इथल्या बायकांना काही सुचत नाही. आणि ज्या घरातून आवाज येतोय त्या घरात लग्नाचं कोण, तर केतन! सखुबाई पहिली पोचली. ही सोनूबाईची जन्माची जोडीदारीण, प्रत्येक लग्नात तिच्यामागून ओळ उचलणारी. पाठोपाठ दहा-बारा जणी. एकीनं सुपात तांदूळ आणलेले, दुसरीच्या बोटाला हळद.

“कोनाचा लगीन जमला गो? केतनचा? आन् आमाना सांगाचा न्हाय?” सखुबाई दारातूनच ओरडली.

“पोरगी कुठली?” सुपवालीनं विचारलं.

केतन टोमॅटोसारखा लाल झाला. “लगीन न्हाय काकी, मी मशीन बसवत व्हतो.”

“मशीनचा लगीन?” सखुबाईनं कपाळावर हात मारला. पण आल्या तर आल्या. धवला चाललाच होता. सोनूबाईनं गाताना प्रत्येक ओळीनंतर जागा सोडलेली होती, मागच्या बायकांसाठी सोडतात तशी. कुणी ठरवलं नाही, पण पुढच्या जागेला सखुबाईनं ओळ उचलली आणि सगळ्या तिच्याबरोबर गायला लागल्या. केतन माझ्याकडे बघून हसला.

आणि मग देवांना बोलवायचं कडवं आलं. हळदीला गावदेवीपासून घरच्या गेलेल्या माणसांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन धवलारीण त्यांना मांडवात बोलावते. त्याशिवाय हळद लागत नाही. पण स्पीकरमधली सोनूबाई तिथं आली आणि नुसती गुणगुणली. चाल होती, नावं नव्हती. एकही देव नाही. गुणगुणत गुणगुणत ती पुढच्या कडव्यावर गेली.

बायका थांबल्या. केतननं मागे नेऊन परत लावलं. तेच.

“मशीन बिघडलं?” मी विचारलं.

“मशीन कशाला बिघडंल?” सखुबाई म्हणाली. “तवा लगीन कुठं व्हतं? पाटावर सुपारी. देवाना बोलवला आन् मंग बसवाचा कुठं? ती तशी बोलवनार न्हाय.”

केतननं रेकॉर्ड करताना मशीनकडे लक्ष दिलं होतं, शब्दांकडे नाही. त्यानं स्पीकर बंद केला. “म्हंजे हा धवला हळदीला चालनार न्हाय.”

“तेवढी नावं तू घे की,” मी सखुबाईला म्हटलं.

“मी मागून बोलनारी बाई. देव तिनंच बोलवाचं.” एवढं बोलून तिनं खाटेकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सोनूबाई आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. बायका सुपं घेऊन गुपचूप परत गेल्या.

केतननं तिला त्यावर एक शब्द विचारला नाही. मीच भांडले. म्हटलं, अरे, समजूत तरी घाल. तो म्हणाला, “बाई, तिला बोलता येत न्हाय तं ‘न्हाय’ पन बोलता येत न्हाय. मी मागं लागलो तं ती कशी थांबवनार मला?”

हळदीच्या दिवशी उन्हं उतरल्यावर तो लॅपटॉप घेऊन कल्पिताकडे गेला. मृणाल म्हणाली होती, अर्धा तर अर्धा, मला आजीचाच धवला लाव. जाताना त्यानं आईला नवं लुगडं नेसवायला मला सांगितलं. “तिकडं न्यायला न्हाय, सणाचा दिस हाय म्हनून.” मी नेसवलं, वेणी घातली, दारासमोर तिला बसवलं आणि मला येईल तेवढी बडबड करत राहिले.

गल्लीच्या टोकाकडून तिचाच आवाज यायला लागला. सोनूबाई मान खाली घालून ऐकत होती. मांडवाचं कडवं झालं. तांदळाचं झालं. हळद कांडायच्या घाण्याचं सुरू झालं, त्याच्यानंतर देवांचं. तिनं एकदम डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“काय हवंय? पाणी?”

तिनं काठी उचलली. कुणी तिला आणायला आलं नव्हतं, कुणी विनवलं नव्हतं. देव बोलवायची जागा जवळ येत होती आणि नातीच्या मांडवात ती तशीच मोकळी जाणार होती. ते तिला चालण्यासारखं नव्हतं. एका बाजूनं काठी, एका बाजूनं मी, अशा आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर तिचा पाय लटपटला, तर मृणालचे दोन काका धावत आले आणि त्यांनी तिला हातांच्या खुर्चीवर घालून मांडवात नेलं.

मांडवात आवाज एकदम बंद झाला. लॅपटॉपवर हळद उडू नये म्हणून केतन कापडी पडद्यामागे बसला होता, त्यानं पडद्याच्या फटीतून आईला पाहून धवला थांबवला असणार. मृणाल पाटावरून उठायला गेली, तर सोनूबाईनं काठीनं तिला बस म्हणून दटावलं. मग सखुबाईनं स्वतःची जागा तिला दिली.

सोनूबाईनं तोंड उघडलं. काही आलं नाही. मान वर करून तिनं परत प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताणल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आणि मग चालीवर, त्या कडव्याच्या बरोबर चालीवर, एकच शब्द आला.

“ये...”

फाटका होता, पण सूर चुकला नव्हता. सखुबाई तिच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, “नावं आमी घेतो गो. तू बोलव.” आणि तिनं सुरात गावदेवीचं नाव घेतलं.

“ये...” सोनूबाई म्हणाली.

एकवीरा आईचं घेतलं. “ये...” खंडेरायाचं, खाडीवरल्या देवाचं, शेतावरल्या देवाचं. बायका नाव घ्यायच्या, ती बोलवायची. मग घरची गेलेली माणसं आली. सखुबाईनं बाबाजीचं नाव घेतलं तेव्हा सोनूबाईचा सूर मोडला. तिनं श्वास घेतला आणि नवऱ्याला पुन्हा नीट बोलावलं. मृणालच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, माझ्याही.

नावं संपली. बायका थांबल्या, आता पुढचं कडवं लागेल म्हणून. पण सोनूबाई अजून थांबली नव्हती. ती कापडी पडद्याकडे वळली आणि त्याच चालीवर, देवांना बोलावलं तसंच, पुन्हा म्हणाली, “ये...”

कुठला देव राहिला म्हणून सखुबाई आठवत बसली.

पडदा हलला. केतन बाहेर आला आणि आईच्या पायाशी बसला.